हवालदाराची घंटी

आमच्या शाळेच्या मागच्या अंगाला लिंबाचं एक झाड आहे. झाडाच्या एका बाजूला मुलांचे संडास आणि मुतारी, दुसऱ्या बाजूला मुलींचे. भिंतीवर पिवळ्या रंगात 'स्वच्छतागृह' असं लिहिलंय, पण तो शब्द मी आजवर एकाही पोराच्या तोंडून ऐकलेला नाही. पोरं 'मागं जाऊन येतो' म्हणतात आणि मागं जातात. परत येतील याची पूर्वी काही खात्री नसायची. आता असते, कारण लिंबाखाली रतनबाई बसतात.

मी बद्रीनाथ. केज तालुक्यातल्या या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवतो. मास्तराला जनगणना करावी लागते, निवडणुकीत पेट्या सांभाळाव्या लागतात, आणि त्याबद्दल आम्ही भरपूर कुरकुरतो. पण सगळ्यांत जास्त कुरकुर मुतारीच्या ड्युटीवरून होत असे. मधल्या सुट्टीत एकानं तिथं उभं राहायचं आणि पोरांवर लक्ष ठेवायचं. खेळाचे अभिमन्यू सर लांबूनच शिट्टी मारत यायचे. शिट्टी ऐकली की आतली पोरं गुटखा थुंकून, तोंड पुसून सभ्य व्हायची, म्हणजे ती शिट्टी पोरांच्याच उपयोगाची होती. मी वाऱ्याची दिशा बघून उभा राहायचो. त्यामुळे मला वास येत नसे आणि काही दिसतही नसे.

आत काय चालायचं ते सांगायला नको, तरी सांगतो. भिंती गुटख्यानं रंगायच्या. नळाच्या तोट्या आज बसवल्या की उद्या गायब. कुणी मोबाइल आणून नाचाचे व्हिडिओ काढायचा, कुणी गणिताचा पूर्ण तास आत बसून काढायचा. गणिताच्या तासाला तर तिथं वर्गापेक्षा जास्त हजेरी असायची.

हे सगळं आम्ही चालवून घेतलं असतं, मास्तर लोक काहीही चालवून घेतात. पण जुलैमध्ये नववीच्या पप्पूनं मुलींच्या संडासाची बाहेरची कडी लावून टाकली. आत दहावीची आफ्रीन होती. पप्पूचा बेत एवढाच की घडीभर गंमत बघायची आणि उघडायचं. तेवढ्यात तासाची घंटा झाली, तो वर्गात पळाला आणि कडीचं साफ विसरला. आफ्रीन अख्खा तास दार वाजवत राहिली. बाहेर आली तेव्हा रडत नव्हती, नुसती थरथरत होती. ती गंमत नव्हती हे पप्पूला तिचं तोंड बघूनच कळलं असावं, कारण छडी खाताना त्यानं एकदाही हात मागं घेतला नाही.

मुख्याध्यापकांनी दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या दारांना कुलपं ठोकली. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण मी दरवर्षी आठवीला शिकवतो. आमच्या मुख्याध्यापकांचं नाव सोमेश्वर आहे हा निव्वळ योगायोग. माणूस वाईट नाही. घाईचा आहे, भारी कोटाचा शौकीन आहे, आणि एक खोडी केली की सगळी शाळा उन्हात उभी करायची या मताचा आहे.

कुलूप लागल्यावर मुलगे कुंपणाच्या भगदाडातून पलीकडच्या बाभळीत जाऊ लागले. मुलींना बाभळीत जाता येत नाही. मुलींनी पाणी पिणं सोडलं. आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण ऑफिसाला लागून आमचा स्वतंत्र संडास होता, फरशीवाला, आरसा लावलेला. मग आफ्रीन आजारी पडली आणि तिचे वडील मकसूदभाई शाळेत आले. केजच्या स्टँडवर त्यांचा फळांचा गाडा आहे. येताना डझनभर केळी घेऊन आले, ती टेबलावर ठेवली आणि मग बोलले.

"सर, पोरगी हुशार हाय असं तुमीच म्हनता. पन दिवसभर पानी न पिता बसायचं म्हंजे शिकायचं का आजारी पडायचं? डाक्टरनी लई बोल लावले मला. कुलूप राहनार असंल तर मी तिला घरी बसवतो. जमलं तर बाहेरून देईल परीक्षा, न्हाईतर न्हाई."

आफ्रीन बापाच्या मागं उभी होती. तिनं मान वर करून फक्त हेडसरांकडं पाहिलं. सोमेश्वर सरांना हातात घेतलेलं केळं सोलता येईना.

कुलूप निघालं, पण अटीवर. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सरांनी सगळ्या शाळेसमोर कुलूप वर धरून दाखवलं. "पुन्हा एक तोटी जरी तुटली, तरी हे कुलूप परत लागेल. कायमचं. मग कुणी केळी आणा नाहीतर पेढे आणा." आणि लक्ष ठेवायला रतनबाईंना आणलं.

रतनबाईंना आणण्याचं डोकं सरांचंच, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. आमच्याकडं पीक निघालं की रानात मेंढरं बसवतात. धनगर आपला कळप शेतात मुक्कामाला आणतो, भोवती जाळीची वाघर लावतो, आणि मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावतं. सरांच्या रानात रतनबाईंचा कळप वर्षानुवर्षं बसायचा. एवढा मोठा कळप ही बाई जागेवरून न उठता, नुसत्या आवाजावर कशी हलवते, हे सरांनी पाहिलेलं होतं. हायस्कूल त्यापेक्षा अवघड असेल असं त्यांना वाटलं नाही.

रतनबाईंचा जन्म कुठल्या रानात झाला ते त्यांना माहीत नाही. लग्न हरिबांशी झालं आणि पुढचं सगळं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. इथून निघायचं, माळ तुडवत पार चकलांब्याकडं उतरायचं, पावसाच्या तोंडाला परतायचं. थोरला नाथा तिकडंच एका उसाच्या बांधावर जन्मला आणि दुसऱ्या दिवशी घोड्यावर बसून पुढच्या मुक्कामाला गेला. हरिबा गेले, गुडघे गेले, कळप नाथाकडं गेला. मग रतनबाई गावात एका खोलीत राहायला आल्या. "भितीकडं बघून बघून डोळं आंबले बगा, सर," त्या मला म्हणाल्या होत्या. "भित काय हालत न्हाई, चालत न्हाई. तिच्यावर काय ध्यान ठिवायचं?" शाळेत बोलावणं आलं तेव्हा त्या काठी घेऊन लगेच निघाल्या. निघताना खुंटीवरची जुनी पिशवीही घेतली.

पहिले काही दिवस त्यांनी कुणाला काही म्हटलं नाही. लिंबाखाली घोंगडी टाकून बसल्या आणि पोरं बघत राहिल्या. मी विचारलं, "रतनबाई, एखाद्याला तरी दटावा की." त्या म्हणाल्या, "आदी कोन कसं चालतंय ते तर कळू द्या. मुतायला जानारं पोरगं सरळ चालतंय. उनाडक्या करायला जानारं आदी मागं वळून बगतंय."

मग एके दिवशी त्यांनी पिशवीतून दोन घंट्या काढल्या. एक लहान, कोकराच्या गळ्यातली, टिणटिण वाजणारी. दुसरी पितळी, चांगली मूठभर, घणघण आवाजाची. ही दुसरी हवालदाराची. हवालदार म्हणजे त्यांचा म्हातारा एडका, कळपाचा पुढारी. तो चालेल तिकडं सगळी मेंढरं चालायची. मागच्या वर्षी तो मेला, नाथानं दुसरा पुढारी केला, नवीन घंटी आणली. जुनी रतनबाईंनी जपून ठेवली होती.

नियम सोपा होता, सरांनी तो परिपाठाला जाहीरही केला. तास चालू असताना ज्याला मागं जायचंय त्यानं रतनबाईंकडून घंटी घ्यायची, गळ्यात घालायची, काम उरकायचं आणि आणून द्यायची. मुलींना लहान घंटी, मुलांना हवालदाराची. प्रत्येक बाजूला घंटी एकच, त्यामुळे आत एका वेळी एकच जण. आणि घंटी वाजत असली की तो हालतोय हे बाहेर बसून कळतं. फार वेळ गप्प झाली की रतनबाई जिभेनं 'ट्टॉक ट्टॉक' करून अशी काही हाळी द्यायच्या की आतला माणूस अर्धवट नाडी बांधून बाहेर यायचा.

पहिल्याच दिवशी पप्पू फुरंगटला. "आमी काय मेंढरं हाव का, गळ्यात घंटी बांदायला?"

"मेंढरं असता तर लई बरं झालं असतं," रतनबाई म्हणाल्या. "मेंढरं तोट्या मोडत न्हाईत. घे."

स्टाफरूममध्ये आम्ही पैजा लावल्या की ही घंटी आठवडाभर टिकणार नाही, पालक येऊन गोंधळ घालतील. झालं भलतंच. पोरांना ती घंटी आवडली. हवालदाराची घंटी गळ्यात घालून वर्गावरून रुबाबात जाण्यासाठी पोरं पाणी पिऊन येऊ लागली. पप्पू तर तिच्यावर इतका लुब्ध झाला की दर तासाला त्याला मागं जायचं असे. शेवटी मी विचारलं, "अरे, तुला मधुमेह झाला का?" भिंतीवरचं गुटख्याचं रंगकाम थांबलं, कारण एकट्यानं थुंकण्यात काही मजा नसते. तोट्या जागेवर राहिल्या. पैज मी हरलो आणि त्याचा मला आनंदच झाला.

पण रतनबाईंचं समाधान झालेलं नव्हतं. शाळा सुटताना त्या फाटकाशी उभ्या राहून मुलींच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हलवायच्या. रिकामी निघाली की पाठीवर थाप. आफ्रीनची बाटली रोज सकाळी यायची तशीच संध्याकाळी परत जायची, तोंडापर्यंत भरलेली.

"कावून गं?" एकदा त्यांनी विचारलं. मी बाजूलाच सायकल काढत होतो. "पानी कावून पेत न्हाईस? आता तर उगडं हाय ना समदं. मी बसलेय ना तितं."

आफ्रीन म्हणाली, "मावशी, आज उगडंय. उद्या एक तोटी तुटली की परत कुलूप. आता सवय झालीय मला. सवय मोडली आन् परत कुलूप लागलं तर मग लई अवघड जाईल." हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. बस चुकू नये म्हणून लवकर निघते, अशा सुरात सांगितलं.

ती गेल्यावर रतनबाई घोंगडी झटकत मला म्हणाल्या, "माजी सासू सांगायची, उजेडात बाईनं पानी पिऊ न्हाई. रानात आडोसा न्हाई, मानसं येनार-जानार. मग फाटं उटायचं आन् एकदम रातीला. मदी तोंड बी वलं करायचं न्हाई. चकलांब्याच्या उनात चाललेय मी तशी, सर. मेंढरं वढ्यावर पानी पेयाची आन् मी नुसती बगत उबी. तवा वाटायचं, देवा, आपन मेंढरू तरी असावं." मग त्या हसल्या. "माजं झालं. पन हितं भिती हायती, दार हाय, मी हाय. तरी पोरगी तहानलेली घरी जाती म्हंजे माजं राखनं काय कामाचं?"

मी सायकलवर न बसता त्यांच्या खोलीपर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेलो.

दिवाळीची सुट्टी संपली. सोमेश्वर सरांचं रान शाळेच्या कुंपणाला लागून, त्या बाभळींच्या बाजूलाच आहे. सोयाबीन निघालं होतं, हरभरा पेरायचा होता. सरांनी नाथाला निरोप धाडला की मेंढरं आण, रान बसवून घेऊ. नाथा चकलांब्याचा रस्ता सोडून एका संध्याकाळी कळप घेऊन आला आणि कुंपणापलीकडं वाघर लावून बसला. आणि नेमकं दुसऱ्या दिवशी सकाळी विस्तार अधिकारी तपासणीला आले.

साहेब आदल्या दिवशी कुठंतरी लग्नात जेवले होते. परिपाठ झाला, स्वागत झालं, चहा झाला, आणि साहेब ऑफिसाशेजारच्या आमच्या संडासात गेले. ते बाहेर येण्याचं काही लक्षण दिसेना. इकडं सोमेश्वर सरांनी सकाळपासून प्रत्येक पाहुण्याबरोबर एकेक चहा घेतलेला. त्या दिवशी त्यांनी नवा निळा कोट घातला होता. मी नववीच्या खिडकीतून बघत होतो. सर ऑफिसाच्या दारात या पायावरून त्या पायावर होत होते. एकदा हळूच दार वाजवून, "साहेब, काही लागलं तर सांगा," असंही म्हणाले. मग त्यांचा धीर सुटला आणि ते मागच्या बाजूला तरातरा निघाले.

रतनबाईंनी काठी आडवी धरली. "घंटी घ्या."

"अहो रतनबाई, मी आहे."

"दिसतंय की. तुमीच तर परिपाठाला बोल्लता, घंटीबिगर कोनी बी आत जानार न्हाई. कोनी बी म्हंजे कोनी बी."

वाद घालण्याइतका वेळ सरांकडं नव्हता. त्यांनी मान पुढं केली. रतनबाईंनी हवालदाराची घंटी निळ्या कोटावर अडकवली आणि सर पळत सुटले. पोरं चालतात तेव्हा घंटी आपली किणकिणते. सर वजनदार आहेत आणि घाईत होते. घंटी घणघण, घणघण अशी वाजली, जशी कळपाच्या पुढं धावणाऱ्या एडक्याच्या गळ्यात वाजते.

कुंपणापलीकडं नाथा नुकताच वाघर सोडत होता.

जे झालं ते रतनबाईंच्या आधी कुणाला कळणं शक्य नव्हतं, आणि त्यांनाही उशिराच कळलं. 'मेंढराला कुटली आली सय,' असं त्यांनी धरलं होतं. वर्ष झालं, हवालदाराला ती कधीच विसरली असतील. एवढं आयुष्य मेंढरांत काढून त्या चुकल्या. मेंढरांनी माना वर केल्या, कान टवकारले, आणि आपला हवालदार परत आला म्हणून सगळा कळप त्या आवाजाच्या रोखानं निघाला. कुंपणाचं भगदाड होतंच. सर ते गेल्या दोन उन्हाळ्यांपासून बुजवणार होते.

मेंढरं मैदानातून लिंबाला वळसा घालून मुलांच्या मुतारीत शिरली. मावली तेवढी आत मावली, बाकीची दाराशी दाटीनं उभी राहून बें बें करू लागली. मागून नाथा हातवारे करत पळत होता, पण त्याचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं. आतून सरांचा आवाज आला. पहिल्यांदा चिडलेला, मग विनवणीचा. ते जसजसे मागं सरकत तसतशी घंटी वाजे आणि घंटी वाजली की मेंढरं आणखी पुढं रेटत. शेवटी सर हात धुण्याच्या कट्ट्यावर चढले आणि आधाराला म्हणून त्यांनी वरची तोटी धरली.

तोटी हातात आली. पाण्याची धार सरळ निळ्या कोटावर.

"सर, घंटी फेका!" रतनबाई ओरडल्या. पण दोरी कोटाच्या कॉलरात अडकली होती. तेवढ्यात माझ्या वर्गातून पप्पू खिडकीतून उडी मारून गेला. मला न विचारता गेला, त्याबद्दल मी त्याला अजून रागावलेलो नाही. मुतारीच्या बुटक्या भिंतीवर चढला, वाकून सरांच्या गळ्यातली घंटी सोडवली, स्वतःच्या गळ्यात घातली आणि मैदानातून रानाकडं धूम पळाला. कळप त्याच्यामागं. भगदाडातून पप्पू गेला, मेंढरं गेली, शेवटी नाथा गेला. सगळी शाळा व्हरांड्यात येऊन टाळ्या वाजवत होती. विस्तार अधिकारीही एकदाचे बाहेर आले होते.

मग मात्र टाळ्या थांबल्या. कारण सोमेश्वर सर कट्ट्यावरून खाली उतरले, निथळत बाहेर आले आणि त्यांच्या हातात ती तुटलेली तोटी होती.

ती अट साऱ्या शाळेला पाठ होती. मी आफ्रीनला शोधलं. ती मुलींच्या बाजूला खांबाला टेकून उभी होती, बाटली छातीशी धरून. चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. असंच होणार हे आधीपासून माहीत असल्यासारखी ती बघत होती आणि तेच मला सहन होईना.

रतनबाई काठी टेकत पुढं आल्या. सरांनी सांभाळायला दिलेली कुलपाची किल्ली कनवटीतून काढून त्यांनी सरांपुढं धरली. "घंटी माजी, मेंढरं माजी, चूक बी माजी. मला वाटलं विसरली असतील. मला घरी पाटवा, सर. पन पोरींचं दार बंद करू नगा. त्यांनी काय केलं न्हाई."

सरांनी हातातल्या तोटीकडं पाहिलं. साहेब बघत होते, शाळा बघत होती. कोटातून पाणी ठिबकत होतं. 'पाइपच जुना होता' असं ते म्हणू शकले असते. 'मेंढरांनी मोडली' असं म्हटलं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती.

"मेंढरं तोट्या मोडत नाहीत," सर म्हणाले. "मी मोडली."

व्हरांड्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं.

"शब्द दिलाय तो पाळला पाहिजे," सर पुढं म्हणाले. "तोटी तुटली की कुलूप. बद्रीसर, ऑफिसातून कुलूप आणा."

मी आणलं. सरांनी कुलूप घेतलं, पण ते लिंबाकडं वळले नाहीत. ऑफिसाकडं चालू लागले. त्यांच्या बुटांतून पाणी पचपचत होतं आणि आम्ही सगळे मागून चाललो होतो, अगदी त्या मेंढरांसारखे. आमच्या फरशीवाल्या, आरसेवाल्या संडासापाशी ते थांबले, दार ओढून घेतलं आणि कुलूप ठोकलं.

"मोडणाऱ्याचं बंद," ते म्हणाले. "आजपासून मी आणि सगळे सर मुलांच्याकडं जाणार, मॅडम मुलींच्याकडं. आम्हीच तिथं गेलो तर तिथं काय चाललंय ते आम्हाला वेगळं बघायला नको. तोटी मी उद्या आणून बसवतो. आणि ते भगदाडही बुजवतो."

अभिमन्यू सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. माझाही झाला असेल. पण त्या क्षणी मला आमच्या हेडसरांचा अभिमान वाटला, आणि तो मी इथं उघड सांगतो, कारण तोंडावर सांगितला तर ते कोटाचा विषय काढतील.

विस्तार अधिकारी हळूच पुढं झाले. पोटावर हात ठेवून त्यांनी विचारलं, "सर, तुमचा निर्णय उत्तमच आहे. पण मला जर आता पुन्हा जावं लागलं तर?"

"घंटी हाय की," रतनबाई म्हणाल्या. "पप्पू आला म्हंजे देते."

हसण्याच्या गलक्यात पोरं पांगू लागली. मी वर्गाकडं वळलो, तेवढ्यात आफ्रीन दिसली. ती अजून खांबाशीच उभी होती आणि ऑफिसाशेजारच्या त्या कुलपाकडं बघत होती. ते ओढून बघावं असं तिला वाटलं असावं, कारण ती गेली, तिनं ते खरंच ओढून बघितलं आणि ती परत आली. मग तिनं बाटलीचं झाकण काढलं. मान मागं टाकून ती पाणी पिऊ लागली, थांबली, श्वास घेतला, पुन्हा प्यायली. रतनबाई लिंबाखाली बसायला निघाल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. बाटली रिकामी होईपर्यंत त्यांनी नजर हटवली नाही. एका हातानं त्या डोळे पुसत होत्या आणि तोंड भरून हसत होत्या.

दुपारी इतिहासाचा तास चालू असताना आफ्रीन उठून उभी राहिली. "सर, मागं जाऊन येऊ का?"

खिडकीतून मी बघत होतो. लिंबापाशी जाऊन तिनं हात पुढं केला. "मावशी, घंटी द्या," ती म्हणाली. आणि ती लहान घंटी टिणटिण वाजत, अजिबात घाई न करता, मुलींच्या दाराकडं गेली.